तीनचा खेळ

तो पिक्चर मी निवडला, असं खाडीच्या दोन्ही काठांवर अजून सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. मागं एका हळदीला गेले होते, तिथं पंगतीत एक पोरगी दुसरीच्या कानात म्हणाली, "हीच ती, भुताच्या शिनेमावाली." मी ताट तसंच ठेवून उठले. घरची पोरं मला समजावतात की आई, सोड आता, ती माणसं गेली, खाडीवर पूल झाला, तू काय धरून बसलीस. पण मी आयुष्यात जे काही मिळवलं ते धरून बसूनच मिळवलं. माणगावच्या बाजारात सुक्या बोंबलाची पहिली पाटी घेऊन बसले, तेव्हा तिथला व्यापारी हसला होता. उन्हं कलेपर्यंत मी भाव सोडला नाही आणि शेवटी त्यालाच पाटी उचलावी लागली. आज माझ्या बर्फाच्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. तेव्हा जे धरलंय ते मी सोडणार नाही, आणि खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवणार आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आमचं घर खाडीच्या अलीकडच्या काठाला, रेवदंड्याच्या बाजूला होतं. घरापेक्षा मासळी वाळवायचं खळंच मोठं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले असत, आणि दुपारचा वारा सुटला की ते वाळलेले बोंबील एकमेकांवर घासून खरखर असा आवाज करत. लहानपणापासून मी तो आवाज ऐकत झोपले आणि तो ऐकत उठले. आईनं काठ्यांना दोरी बांधून दोरीला रिकामे डबे लटकवले होते. कावळा बसला की ती ओटीवरूनच दोरीला हिसका द्यायची, डबे खडखडायचे आणि सगळं खळं जागं व्हायचं. बापूस दम्यानं घरी बसलेला, त्याच्या छातीतला आवाज आणि त्या बोंबलांचा आवाज दुरून सारखाच वाटे. सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाऊन मी पाटी डोक्यावर घ्यायची. कधी माणगाव, कधी तळ्याचा बाजार. एकोणिसाव्या वर्षी माझी जीभ त्या दोन्ही बाजारांत ओळखीची झाली होती. बाई दिसली की व्यापारी आधी अर्धा भाव सांगतात, आणि तो ऐकला की माझ्या डोक्यात जाळ व्हायचा. तो जाळ अजून विझलेला नाही. आता गोळ्या खाते, एवढंच.

मोरेश्वर खाडीपलीकडचा. घरची होडी होती त्यांची, मोठी, दोन डोलकाठ्यांची. वाळवायला मासळी घेऊन तो आमच्या खळ्यावर यायचा आणि टोपली उतरवताना मुद्दाम माझ्याशी भांडण काढायचा. "चांगुणे, तुज्या खल्यात माजा बोंबील जातो आनि करदोडा होऊन येतो," म्हणायचा. मी म्हणायची, "तुजा बोंबीलच मुलात उपाशी. त्याला खायला घाल, मग मना सांग." असं करत करत एक दिवस त्याची आई, पलीकडची नाखवीण, पानसुपारी घेऊन आमच्या ओटीवर आली. उंच, रुंद बाई. बसली की ओटी भरायची. मी तिला आत्याबाय म्हणू लागले. साखरपुडा झाला, मला अंजिरी रंगाचं लुगडं मिळालं आणि लग्न वैशाखात ठरलं.

त्या घराबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोरेश्वरचा थोरला भाऊ दामू तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लहान होडीवरून दर्यात गेला होता, तो आला नव्हता. होडी आली नाही, फळकूट आलं नाही, माणूस आला नाही. आमच्यात असा माणूस सापडला नाही तर ठरावीक काळ वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि घरानं सुतक पाळायचं. एक वर्ष त्या घरात मंगलकार्य नाही. पण आत्याबायनं पुतळा करू दिला नव्हता. "हाड बगल्याबिगार माजा पोर मेला न्हाय," एवढंच ती म्हणायची, आणि तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. रोज दुपारी त्या घरात एक ताट जास्त वाढलं जायचं. भात, कालवण, बाजूला मिठाची चिमूट. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ते तसंच राहायचं, मग आत्याबाय ते स्वतः उचलून गाईला घालायची. दामूची बायको हिरा त्या घरात कपाळभर कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या घालून वावरायची. तिच्या हातात बांगड्या आहेत तोवर दामू आहे, असा त्या घराचा हिशेब होता. आणि दामू आहे, म्हणून मोरेश्वरचं लग्न होऊ शकत होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्या घरात सून म्हणून जायला आनंदानं तयार होते, हेही लिहिते. मी काही कापसाची बाहुली नव्हते.

लग्नाआधी दोघांनी पिक्चरला जायचं, हे खूळ मोरेश्वरनं मुंबईहून आणलं होतं. त्याचा एक मित्र मांडव्याहून होडीनं मुंबईला जायचा, त्यानं डोक्यात भरवलेलं. अलिबागला पत्र्याच्या छपराचं एक थेटर होतं. आत्याबायला सांगितलं की लग्नाचा तांब्याचा हंडा घ्यायचाय, तो पारखायला चांगुणाच हवी. ती म्हणाली, जा, पण हिरा बरोबर जाईल. ते कळल्यावर मोरेश्वर टोपली घेऊन खळ्यावर आला आणि बोंबलांच्या आडून बोलला.

"बाराचा खेल देवाचा हाय. तीनचा भुताचा. आपुन तीनचा बगायचा."

"का? देवानं तुजं काय केलं?"

"देवाच्या खेलात तुजा हात धरला त समदं थेटर मना हानील. भुताच्या खेलात तूच माजा धरशील. भ्यालेल्या पोरीला वयनी तरी काय बोलनार?"

"मी भुताला भ्येत न्हाय. तुना भ्या वाटलं त धर माजा हात. मी कुनाला सांगनार न्हाय."

तो हसला. मग म्हणाला, "पन वयनी देवाचाच बगू म्हनंल. बाराचा खेल चुकवायचा कसा, त्ये तू बग. मानगावच्या व्यापाऱ्यांना रडवतंस, येवडं न्हाय जमनार?"

तर हे असं आहे. कल्पना त्याची, कामगिरी माझी. दोघांनी मिळून केलेली गोष्ट नंतर एकाच्या नावावर कशी जाते, ते बाजारात मी पुष्कळ पाहिलंय. त्या दिवशी मात्र मला ते दिसलं नाही. मी खूश होते. मला कुणी कामगिरी दिली की मी खूश व्हायची.

अलिबागला एसटीनं पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. थेटराच्या छपरावरच्या भोंग्यातून गाणी चालू होती. गाणी बंद झाली की खेळ सुरू झाला, असं तेव्हा सगळं गाव समजायचं. मी तांबटाच्या दुकानात शिरले आणि हंडा मागितला. एकाचा गळा अरुंद, एकाचं बूड तिरकं, एक टिचकी मारली तर बोदा वाजला. भाव ऐकून मी दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि दोनदा परत चढले. हिरा दाराशी उभी राहून पदराआड हसत होती. मोरेश्वर गंभीर चेहरा करून प्रत्येक हंड्यात डोकावत होता. शेवटी तांबट हात जोडून म्हणाला, "बाई, हंडा न्यायचाय की माझा जीव?" मी म्हटलं, "जीव नको, तो जुना दिसतोय." तेवढ्यात भोंगा बंद झाला. मी त्याच क्षणी त्याचा भाव कबूल केला. इतकी वाईट खरेदी मी आयुष्यात दुसरी केली नाही, आणि तो हंडा घेऊन बाहेर पडताना माझ्यासारखी शहाणी मीच, असं मला वाटत होतं.

"आता वो?" हिरा म्हणाली. "देवाचा चुकला ना."

"तीनचा हाय, वयनी," मोरेश्वर म्हणाला. "भुताचा हाय म्हनतात. तुमी भ्याल काय?"

"मी कशाला भ्यू? भूत काय दर्याहून मोठं असतंय?" असं म्हणून ती पुढं चालायला लागली.

मोरेश्वर तिकिटं काढायला थांबला आणि आम्ही दोघी समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली भाकऱ्या सोडून बसलो. ओहोटी सरून भरती लागत होती. समोर पाण्यातला किल्ला, आणि त्याच्याकडे जाणारी वाट हळूहळू बुडत होती. हिरा समुद्राकडं पाठ करून बसली, हे माझ्या लक्षात आलं, पण कोळ्याच्या घरच्या बायका वाऱ्याकडं पाठ करून जेवतातच. बोंबलाची चटणी, कांदा, भाकरी. ती सावकाश खायची. खाता खाता तिनं कांद्याचा भाव विचारावा तशा आवाजात म्हटलं, "चांगुणा, येक सांगू? आयला सांगायचं न्हाय. त्ये येतात."

"कोन?"

"त्येच गो. दुपारची भरती चढली का मागल्या पडवीत येतात. आय निजलेली असते. मी पन निजल्यावानी पडून ऱ्हातंय. पाय वले असतात त्यांचे. पावलं वाजतात, मग थांबतात माज्या उशाशी. मी डोले उघडले का कोन न्हाय. पन शेनाच्या जमिनीवर वली पावलं असतात. आय उठायच्या आदी मी फडक्यानं पुसून टाकतंय."

"मंग बोलत का न्हाईत तुमच्यासंगं?"

"लाजत असतील. येवड्या दिसांनी रिकाम्या हातानं घरात कसं शिरायचं? पन जित्ते हायेत. मना ठाव हाय. आय म्हनते त्ये खरं हाय."

मी "असंल, असंल" म्हटलं. माझं अर्धं लक्ष रस्त्याकडं होतं, मोरेश्वर तिकिटं घेऊन येतोय का, खुर्चीची मिळाली की बाकाची. बाकांवर बाया एकीकडं आणि पुरुष एकीकडं बसत, खुर्च्यांवर घरची माणसं शेजारी बसू शकत. मी त्या खुर्च्यांचा विचार करत होते. दुसऱ्या कुणावर मी रागावते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या झाडांखाली बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीवर किती रागावते, ते आज पहिल्यांदा सांगते.

थेटरात भर दुपारी अंधार केलेला. दारांना काळे पडदे, पण समुद्रावरून वारा आला की पडदे फुगायचे आणि उन्हाची एक पट्टी माणसांच्या अंगावरून सरकत जायची. छपराच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यांतून उजेडाचे ठिपके पडत. विड्यांचा धूर त्या ठिपक्यांतून वर चढायचा. खुर्च्या लाकडी, त्यांचे हात लोखंडी पट्टीचे. हिरा आमच्या दोघांच्या मधे बसायला निघाली, मग तिनं माझ्याकडं एकवार पाहिलं आणि म्हणाली, "मी कडेला बसतंय. मना वारा लागंल." तिला सगळं कळलं होतं. तिनं ते आम्हाला दिलं. मोरेश्वर, मधे मी, पलीकडं हिरा, असे आम्ही बसलो. खेळ सुरू होऊन मुंगळ्याएवढी अक्षरं पडद्यावर चढत होती, तेव्हाच त्यानं माझा हात धरला. दोरानं घट्टे पडलेला तळवा, घामानं ओला. भुताची वाटही पाहिली नाही. पुढचा अर्धा तास पडद्यावर काय झालं ते मला विचारू नका.

मग मला हळूहळू दिसायला लागलं. मोठा बंगला, मागं तळं. बंगल्यात एकटी बाई. तिचा नवरा तळ्यात बुडालेला, पण प्रेत मिळालं नव्हतं. दुपारी घड्याळात टोले पडले की सगळा बंगला निजायचा आणि फरशीवर ओली पावलं उमटायची. पाऊल, मग पाऊल, मग पाऊल, पलंगापाशी येऊन थांबलेली. ती बाई उठायची आणि कुणी बघायच्या आत आपल्या पदरानं ती पुसायची.

मी मोरेश्वरचा हात सोडला. हिराकडं बघायचं मला धाडस होत नव्हतं. शेजारून तिचा श्वास ऐकू येत होता, अगदी संथ. खाली सतरंजीवर बसलेले लोक शिट्ट्या मारत होते, कुणाच्यातरी सोड्याची बाटली उतारावरून गडगडत गेली. पडद्यावर एक म्हातारा नोकर त्या बाईला सांगत होता की बाईसाहेब, जिवंत माणूस दारातून येतो, हाक मारत येतो. मेलेलाच असा पाणी सांडून परत जातो. त्यानंतर बाईनं मागं वळून पाहिलं आणि केसांतून पाणी निथळणारा नवरा तिच्या पाठीशी उभा होता. सगळं थेटर किंचाळलं. हिरा किंचाळली नाही. ती हळूच म्हणाली, "असं हाय व्हय."

पडद्यावर तेव्हा पांढरा उजेड होता, त्यात मी तिला स्पष्ट पाहिलं. तिच्या उजव्या हातात बांगड्यांच्या मागं चांदीची पाटली होती, लग्नात घातलेली. ती तिनं आधी नीट ओढून, मधे येऊ नये म्हणून, कोपराकडं सरकवली. मग मनगट खुर्चीच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग डावं. लोक आरडाओरडा करत होते, त्यात काच फुटल्याचा आवाज फक्त आम्हाला आला. मग तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. मोरेश्वर माझ्या अंगावरून ओणवा झाला, त्यानं खिशातून आगपेटी काढून काडी पेटवली. हिराच्या मांडीवर हिरव्या काचा आणि मनगटावर रक्त. एक काडी विझली, त्यानं दुसरी पेटवून माझ्या हातात दिली आणि आपला रुमाल तिच्या मनगटाला बांधला.

"भावजी," ती त्याला म्हणाली, "तुमचे दादा गेले."

आणि तो म्हणाला, "व्हय, वयनी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. काडीनं माझी बोटं पोळली तोवर ऐकत राहिले.

परतीच्या एसटीत हंडा मोरेश्वरच्या मांडीवर होता. हिरा खिडकीशी बसून नारळीच्या वाड्या बघत होती. तिच्या चेहऱ्यावर झोप होती, पुष्कळ दिवसांची राहिलेली. मी रेवदंड्याला उतरले, ते दोघं होडीनं पलीकडं गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला म्हणून मी पलीकडं गेले. ओटीवर आत्याबाय बसलेली, खांबाला टेकून मोरेश्वर, आणि जोत्याशी कासार आपली पेटी उघडून बसलेला. पेटीत हिरव्या बांगड्यांचे चुडे. हिराला त्यानं समोर बसवून तिचा डावा हात तेलानं चोळायला घेतला होता. उजव्या मनगटावर अजून मोरेश्वरचा रुमाल होता. आत्याबायचे डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा.

"ये, चांगुणा. बस. अंधार व्हता, खेल भुताचा, ही भ्याली, हात आपटले, बांगड्या वाढल्या. हिच्या डोक्यात भ्या बसलंय, म्हनून कायबी बोलतंय. असंच झालं ना?"

"मी फोडल्या," हिरा म्हणाली.

"तुना इचारलं न्हाय. मोऱ्या, तू सांग. तू बाजूला व्हतास. काय बगलंस?"

मोरेश्वर आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. कासारानंही हात थांबवले.

"अंधारात मना काय दिसलं न्हाय, आय," तो म्हणाला.

"आनि भुताचा खेल कोनी काडला?"

"हिनं. हिनंच हंड्यापायी दुपार केली."

आत्याबायनं मान हलवली, जसं काही तिला हवं तेवढं मिळालं. मग माझ्याकडं वळून ती हळू आवाजात, अगदी मायेनं बोलली. "पोरी, झालं त्ये झालं. वैशाखात लगीन हाय. माज्या घरात सुतक न्हाय. तू निसतं व्हय म्हन, कासार चुडा भरंल, आनि ह्या गोष्टीचा कोन तोंडातून शबूद काडनार न्हाय."

मी आयुष्यभर सौदे केले. इतका स्वस्त सौदा मला पुन्हा कुणी दिला नाही. एक शब्द द्यायचा आणि घर, होडी, नवरा घ्यायचा. आणि मला मोरेश्वर हवा होता, अजूनही, खाली मान घालून बसलेला असूनही. मी म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कासारानं हिराची बोटं एकत्र दाबून पहिली बांगडी चढवायला सुरुवात केली आणि तिनं हात ढिला सोडून दिला, मेलेल्या माशासारखा. ती माझ्याकडं बघतही नव्हती. तिनं कुणाकडूनच काही अपेक्षा ठेवली नव्हती. मला दिसलं की ही बांगडी चढली की ही बाई उद्या दुपारी पुन्हा पडवीत पडून राहणार, पुन्हा पावलं ऐकणार आणि पुन्हा फडक्यानं जमीन पुसणार. आणि आता कोण येतं ते तिला ठाऊक असणार.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी म्हटलं, "हात आपटले न्हाईत. तिनं आदी चांदीची पाटली कोपराशी सरकवली, मंग फोडल्या. कुंकू पुसलं. आनि तिच्या हाताला जो रुमाल हाय तो तुमच्या पोरानं काडी पेटवून बांदला, आत्याबाय. दोन काड्या पेटवल्या. येक माज्या हातात व्हती, ही बगा बोटं. वयनी म्हनाली दादा गेले, आनि ह्यो व्हय म्हनाला. डोले फुटले व्हते त रुमाल कसा बांदलास रं?"

आत्याबायनं मोरेश्वरकडं पाहिलं. "काडी पेटवलीस?" तिनं विचारलं. तो पुन्हा पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला, आणि तेवढं तिला पुरलं. एवढी रुंद बाई, बघता बघता लहान झाली. ती आत गेली नाही, रडली नाही. तिनं उठून कासाराची पेटी स्वतःच्या हातानं बंद केली. मग मला म्हणाली, "हंडा आनायला पाठवली, आनि मुडदा घेऊन आलीस. लुगडं परत धाड."

चौथ्या दिवशी दर्भाचा पुतळा केला, मोरेश्वरनं अग्नी दिला, आत्याबाय बाहेर आली नाही. हे मला लोकांनी सांगितलं. वर्षानं त्याचं लग्न दुसरीकडं झालं. अलिबागच्या बाजारात तो मला पुढं कितीतरी वेळा दिसला, आणि प्रत्येक वेळी मी माझा भाव मोठ्यानं सांगितला, त्याला ऐकू जाईल असा. तो कधी थांबला नाही. त्या घराण्यात मी अपशकुनी ठरले, दोन्ही कोळीवाड्यांत भुताच्या शिनेमावाली झाले, आणि माझं लग्न पुढं आठ वर्षं लांबलं. पण माझा राग ह्याचा नाही. तो खोटं बोलला ह्याचाही नाही. आईपुढं माणूस खोटं बोलतो. माझी नातवंडं आता गुडघ्यावर फोन ठेवून भुतं बघतात आणि खिदळतात. भुतांची मला कधीच भीती नव्हती. मला भीती होती ती त्या ओटीवरून उतरून होडीपर्यंत एकटीनं चालत जायची, आणि तशी मी गेले.

त्या सकाळी होडी सुटायला आली होती. माणसं बसलेली, कोंबड्यांच्या डालग्या चढलेल्या. होडीवाल्यानं वल्हं हातात घेतलं, तर मी काठ धरून उभी राहिले.

"चड ना गो चांगुणा, पानी वसरतंय. चिखलात रुतलो त सांजपावतर बसशील."

"थांब. येक मानूस यायचाय."

"कोन मानूस?"

"येल. तुना काय करायचंय? पानी हाय अजून."

आतली एक बाई म्हणाली, आमाला बाजार गाठायचाय. मी तिला म्हटलं, बाजार काय पलून जातो? एक म्हातारा कुरकुरला, त्यालाही मी ऐकवलं. होडीवाला दोनदा दोर सोडायला गेला आणि दोनदा मी त्याचा हात धरला. त्याच्या आजोबाची होडी किती वेळा कुणासाठी थांबली होती, तेही त्याला सांगितलं. बोलत मी राहिले, पण डोळे वाटेवर होते. नारळींमधून ती वाट सरळ त्यांच्या ओटीपर्यंत जायची. पाणी होडीच्या पोटाखालून सरकताना मला पायाला कळत होतं. माझी कुणी माफी मागायला नको होती. फक्त ती वाट कुणी पायानं तुडवत यावं, एवढंच.

आणि वाटेवर माणूस दिसलं. भरभर येत होतं, काखेत बोचकं. मी पदर सारखा केला. मग ते नारळींच्या सावलीतून उन्हात आलं, आणि ती हिरा होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, एका मनगटाला रुमाल. धाप लागलेली. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून मागं एकदा पाहिलं. वाट रिकामी होती.

होडीवाल्यानं आम्हा दोघींकडं बघितलं.

"ह्योच काय तुजा मानूस?" त्यानं विचारलं.

"ह्योच," मी म्हटलं. "काड होडी."